गिऱ्हाईक आधी, विहीर नंतर : कतारच्या गॅसचं अर्थकारण

१९७१ साली शेल कंपनी कतारच्या उत्तरेकडच्या समुद्रात तेल शोधत होती. विहीर खणली आणि लागला गॅस. तोही असा, की पुढे मोजदाद होत गेली तसं कळलं, जगातला सगळ्यात मोठा नैसर्गिक वायूचा साठा हाच. त्याचं नाव नॉर्थ फील्ड. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला हा देश ब्रिटिशांच्या संरक्षणाखालून बाहेर पडून स्वतंत्र झाला. पण तेव्हा कुणी पेढे वाटल्याची नोंद नाही. हवं होतं तेल, निघाला गॅस, आणि त्याचं करायचं काय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्या साठ्यातला गॅस जहाजात भरून पहिल्यांदा परदेशी निघाला तो डिसेंबर १९९६ मध्ये. त्याआधीची वीस वर्षं तो समुद्राखाली तसाच पडून होता, आणि १९९१ पासून निघू लागला तोही देशातल्या वापरापुरता.

आपण बातम्यांमध्ये ‘तेल आणि वायू’ हे शब्द एका दमात ऐकतो, त्यामुळे दोन्हींचा धंदा सारखाच असेल असं वाटतं. तो तसा अजिबात नाही. तेलाचा धंदा सोपा आहे असं नाही म्हणणार, पण तिथे माल आधी काढून गिऱ्हाईक नंतर शोधता येतं. टँकर बंदरातून सुटल्यावर वाटेत त्यातलं तेल दोनदा विकलं गेलं, असंही होतं. साध्या टाकीत भरा, महिनाभर ठेवा, भाव चढला की काढा. गॅसची तऱ्हा वेगळी. तो जागा फार खातो. जमिनीवर आणल्याआणल्या तो कुठेतरी जायला हवा, नाहीतर जाळून तरी टाकावा लागतो. कतारच्याच दुखान भागात तेल काढताना त्याच्याबरोबर वर येणारा गॅस कित्येक वर्षं असा जाळला गेला.

म्हणून गॅसमध्ये क्रम उलटा लागतो. आधी गिऱ्हाईक, मग करार, मग कर्ज, मग कारखाना आणि जहाजं, आणि विहिरी सगळ्यांत शेवटी. कतारच्या एकूण कारभारात जे जे विचित्र वाटतं, वीस-वीस वर्षांचे करार, परदेशी कंपन्यांशी भागीदारी, तेलाच्या भावाला बांधलेला गॅसचा भाव, ते या उलट्या क्रमातून आलेलं आहे.

मोत्यांपासून दुखानपर्यंत

गॅसच्या आधीचा कतार थोडक्यात सांगतो, कारण त्यात मुंबई येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं पोट समुद्रातल्या मोत्यांवर चालायचं आणि आखाती मोत्यांची मोठी पेठ होती मुंबई. व्यवहारही रुपयांत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि त्या कतारमध्ये १९६६ पर्यंत चालल्या. पण मोत्यांचा धंदा त्याआधीच बसला होता. जपानने मोती शिंपल्यात पिकवायला सुरुवात केली आणि त्यातच १९२९ची जागतिक मंदी आली. तिथली माणसं अक्षरशः देशोधडीला लागली. दुखानला तेल लागलं ते महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास. युद्धात विहिरी बुजवून टाकाव्या लागल्या आणि तेलाची निर्यात सुरू व्हायला १९४९ चा शेवट उजाडला.

तेलाने देश सावरला, पण तेल बेताचंच होतं. सौदी अरेबिया किंवा कुवेतच्या मानाने किरकोळ. तेलउत्पादक देशांच्या ओपेक या संघटनेत कतार १९६१ पासून होता आणि जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडला. बाहेर पडून जगाच्या तेलबाजारात फार फरक पडला नाही, यावरूनच तिथे त्याचं वजन किती होतं ते कळतं. त्याचं वजन आहे ते गॅसमध्ये.

पाइप की गोठवणं

गॅस दूर न्यायचे दोनच मार्ग. एक, पाइपलाइन. दुसरा, त्याला इतकं थंड करायचं की त्याचा द्रव होतो आणि मग तो जहाजात भरायचा. या द्रवाला एलएनजी म्हणतात.

पाइपलाइन स्वस्त, पण तिला शेजारी चांगले लागतात. कतारचा आकार बघा. सौदीच्या अंगाला चिकटलेलं एक छोटं बोट समुद्रात शिरलेलं. जमिनीवरून कुठेही जायचं तर सौदीतूनच. कुवेतला गॅस नेण्याची एक योजना सौदीने हरकत घेतल्यामुळे बारगळली. प्रत्यक्षात उतरली ती एकच मोठी पाइपलाइन, डॉल्फिन. समुद्रतळावरून ती अबुधाबीला जाते आणि पुढे ओमानलाही गॅस पुरवते. २००७ पासून चालू आहे, तिच्यातून दिवसाला सुमारे दोन अब्ज घनफूट गॅस जातो. तिची खरी परीक्षा झाली २०१७ च्या जूनमध्ये. सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. विमानं बंद, सीमा बंद, दुधासाठी गाई विमानाने आणायची वेळ आली. जानेवारी २०२१ पर्यंत ही कोंडी चालली. या सगळ्या काळात डॉल्फिनमधला गॅस एक दिवसही थांबवला गेला नाही. कतारने तो दिला आणि कोंडी करणाऱ्या अमिरातीने तो घेतला. दुबईतले वातानुकूलक कतारच्या गॅसवर चालू राहिले. गॅसच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना किती बांधलेले असतात, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

दुसरा मार्ग गोठवण्याचा. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे १६२ अंश सेल्सियसला द्रव होतो आणि त्याचं आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होतं. एवढंच वाचलं की काम सोपं वाटतं. आता दोहाच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेल्या रास लफानला काय चालतं ते जरा जवळून बघू.

समुद्रातून पाइपाने जे येतं तो निव्वळ गॅस नसतो. त्यात पातळ तेलासारखा कंडेन्सेट असतो, पाणी असतं, कार्बन डायऑक्साइड असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू जास्त प्रमाणात श्वासात गेला तर माणूस जागच्या जागी मरतो. पहिल्यांदा कंडेन्सेट वेगळा करायचा. मग अमाइन नावाच्या रसायनाने धुऊन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड काढायचे. मग गॅस खडखडीत कोरडा करायचा, कारण पुढच्या थंडीत पाण्याचा थेंब राहिला तर बर्फ होऊन नळ्या तुंबतील. मग पारा काढायचा. पारा असतो अगदी नखाएवढा, पण पुढची यंत्रं ॲल्युमिनियमची आणि पारा ॲल्युमिनियम पोखरतो. त्यानंतर प्रोपेन आणि ब्युटेन वेगळे होतात. हाच आपल्या सिलिंडरमधला एलपीजी. उरलेला मिथेन एका उंच मनोऱ्यात शिरतो, ज्याच्या पोटात बारीक नळ्यांची भेंडोळी गुंडाळलेली असतात. तिथे टप्प्याटप्प्याने त्याची उष्णता काढून घेतली जाते आणि शेवटी द्रव बाहेर पडतो.

ही सफाईपासून गोठवण्यापर्यंतची अख्खी ओळ म्हणजे एक ‘ट्रेन’. रास लफानला अशा चौदा ट्रेन उभ्या राहिल्या. त्यांतल्या सहा अवाढव्य आहेत, प्रत्येकीची क्षमता वर्षाला ७८ लाख टन. सगळ्या मिळून ७ कोटी ७० लाख टन. ही मजल कतारने डिसेंबर २०१० मध्ये गाठली.

गोठवायला लागणारी ऊर्जा येते कुठून? त्याच गॅसमधून. आत आलेल्या गॅसचा दहाएक टक्के भाग या खटाटोपातच खर्च होतो. जहाजातही टाकीत थोडी उष्णता शिरतेच, तेवढा द्रव उकळून परत गॅस होतो आणि बहुतेक जहाजं तोच इंधन म्हणून जाळतात. कतारची क्यू-मॅक्स जातीची जहाजं जगातल्या सगळ्यात मोठ्या एलएनजी जहाजांपैकी आहेत, एकेका जहाजात सुमारे २ लाख ६६ हजार घनमीटर द्रव. त्यांची इंजिनं मात्र डिझेलवर चालतील अशी बनवली होती आणि उकळलेला गॅस जहाजावरच परत गोठवून टाकीत सोडला जायचा. मालाचा एक टक्काही वाया घालवायचा नाही, हा हिशेब.

गोठवताना एक वायू शेवटपर्यंत द्रव होत नाही. हेलियम. तो गोळा करून विकला जातो आणि जगाच्या हेलियमचा चौथ्या हिश्श्याहून मोठा वाटा एकटा कतार पुरवतो. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचं चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियमच लागतो.

पहिलं गिऱ्हाईक

एवढा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात आणि पहिली पाच-सात वर्षं हातात एक पैसा येत नाही. बँकेकडे गेलं की पहिला प्रश्न असतो: माल घेणार कोण, आणि किती वर्षं? ऐंशीच्या दशकात कतारकडे याचं उत्तर नव्हतं. कतारगॅस ही कंपनी १९८४ ला स्थापन झाली, पण गिऱ्हाईक नाही म्हणून काम रखडलेलं. भागीदार असलेली बीपी ही ब्रिटिश तेलकंपनी १९९२ मध्ये कंटाळून बाहेर पडली. आज मागे वळून पाहताना हा निर्णय फारच महागात पडलेला दिसतो, पण त्या वेळच्या आकड्यांवर तो वेडेपणाचा नव्हता.

त्याच वर्षी जपानच्या चुबू इलेक्ट्रिक या वीज कंपनीने वर्षाला चाळीस लाख टन घेण्याचा करार केला. पुढे आणखी सात जपानी कंपन्या वीस लाख टन घ्यायला तयार झाल्या. सगळी चक्रं फिरली ती या कागदावर. बीपीच्या जागी मोबिल आली, कर्जं मिळाली, रास लफानला बंदर झालं. जून १९९५ मध्ये शेख हमद यांनी वडिलांना बाजूला सारून सत्ता हातात घेतली आणि नव्या अमीरांनी कर्ज काढून गॅसवर सगळा डाव लावला. १९९८ मध्ये तेलाचा भाव बॅरलला दहा डॉलरच्या आसपास कोसळला तेव्हा हा डाव अंगाशी येतो की काय अशी वेळ होती. निभावलं, कारण करार हातात होते.

या करारांत तीन कलमं फार महत्त्वाची. पहिलं, माल उचला अगर न उचला, ठरलेल्या प्रमाणाचे पैसे द्यावेच लागतील. बँकेला हेच हवं असतं. दुसरं, भाव तेलाच्या भावाला बांधलेला. समजा तेलाच्या दराच्या १२ टक्के असं ठरलं, तर तेल बॅरलला ८० डॉलर असताना गॅस ९.६ डॉलर पडेल. हे मोजमाप एमएमबीटीयू या उष्णतेच्या एककात असतं. गॅसला जगभर एकच असा बाजारभाव नव्हता आणि जपान वीजनिर्मितीसाठी तेलाऐवजीच गॅस घेत होता, म्हणून तेलाची फूटपट्टी लावली, आणि मग ती राहूनच गेली. तिसरं, माल कोणत्या बंदरात उतरवायचा ते ठरलेलं. घेऊन दुसऱ्याला विकून नफा मारायचा नाही. या तिसऱ्या कलमावरून युरोप आणि जपानचे कतारशी खटके उडाले आहेत.

परदेशी कंपन्यांशी भागीदारीची मुदतही मोजून ठरवलेली. पहिल्या तीन ट्रेनमध्ये कतारच्या सरकारी कंपनीचे ६५ टक्के होते, बाकी एक्झॉनमोबिल, टोटल आणि दोन जपानी कंपन्यांचे. २०२१ च्या अखेरीला मुदत संपली आणि १ जानेवारी २०२२ पासून सगळा कारखाना सरकारी कंपनीचा झाला. तंत्रज्ञान, पैसा आणि गिऱ्हाइकं आणायची, पंचवीस वर्षं नफा घ्यायचा आणि मग किल्ल्या देऊन जायचं. ही कंपनी आधी कतार पेट्रोलियम होती, ऑक्टोबर २०२१ पासून कतारएनर्जी.

आता कतारचा गॅस जगात सर्वांत स्वस्त का पडतो, ते. त्याचं मोठं कारण वर येऊन गेलेल्या कंडेन्सेट आणि एलपीजीत आहे. हे द्रव तेलाच्या भावाने विकले जातात आणि त्यांच्या पैशांतून गॅस काढण्याचा बराचसा खर्च निघतो. साठा उथळ समुद्रात आहे, किनारा जवळ आहे. थोडक्यात, मिथेन जवळजवळ फुकट पडतो, खर्च काय तो गोठवण्याचा आणि वाहतुकीचा. भाव पडले की अमेरिकेतले किंवा ऑस्ट्रेलियातले कारखाने कुरकुरतात, कतार तग धरतो.

सामाईक विहीर

नॉर्थ फील्ड हा साठा एकट्या कतारचा नाही. समुद्रातली हद्द ओलांडली की तोच खडक इराणमध्ये जातो आणि त्याचं नाव होतं साउथ पार्स. एकूण सुमारे ९,७०० चौरस किलोमीटरपैकी ६,००० कतारच्या बाजूला. भावकीत सामाईक विहीर असावी, एका भावाने मोटार बसवावी आणि दुसऱ्याने नुसतं बघत बसावं, तसं इथे बरीच वर्षं चाललं. खडकातल्या गॅसला हद्द कळत नाही, जिकडे दाब कमी तिकडे तो सरकतो.

इराणने गॅस काढला नाही असं नाही. आज तो प्रचंड काढतो. पण इराणची लोकसंख्या नऊ कोटींच्या घरात, हिवाळा कडक, घराघरांत पाइपने गॅस आणि तोही मातीमोल भावाने. शिवाय जुन्या तेलविहिरींचा दाब टिकवायला गॅस परत जमिनीत ढकलावा लागतो. वर निर्बंध. गोठवण्याचं तंत्रज्ञान मोजक्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या हातात आणि त्या इराणमध्ये येऊ शकत नाहीत. एलएनजीचा कारखाना अर्धवट बांधून पडला. एकाच खडकातून एक देश जगातल्या अतिश्रीमंतांत गेला आणि दुसऱ्याच्या राजधानीत हिवाळ्यात गॅस कमी पडून शाळा बंद ठेवाव्या लागतात. गॅस सारखाच होता. एकाला बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं, दुसऱ्याला मिळू दिलं गेलं नाही आणि घरचं गिऱ्हाईक फुकटात घेत होतं.

२००५ मध्ये कतारने नव्या विहिरींवर बंदी घातली. साठ्याचा नीट अभ्यास होईपर्यंत थांबू, असं अधिकृत कारण. बंदी उठली एप्रिल २०१७ मध्ये, इराणचा उपसा वाढत असताना. अभ्यास पूर्ण झाला असेलच, पण पलीकडची मोटार जोरात चालू झाल्यावर अलीकडे कुणी फार काळ अभ्यास करत बसत नाही.

अंदाज चुकला तो अमेरिकेत

कतारने सगळं अचूक केलं असं वाटू नये म्हणून हे सांगायला हवं. २००० नंतरच्या दशकात सगळ्यांची खात्री होती की अमेरिकेतला गॅस संपत आला आहे. कतारने त्या अवाढव्य ट्रेन आणि अवाढव्य जहाजं बांधली त्यात अमेरिकेचा बाजार हे मोठं कारण होतं. टेक्सासमध्ये गोल्डन पास नावाचं माल उतरवून घेणारं टर्मिनलही भागीदारीत उभारलं. ते तयार होईपर्यंत अमेरिकेने शेल जातीचा खडक (शेल कंपनीशी याचा संबंध नाही) फोडून स्वतःचाच इतका गॅस काढला की आयातीची गरजच उरली नाही. टर्मिनल जवळपास रिकामं. जहाजं आधीच बांधून झालेली.

मार्च २०११ मध्ये जपानला त्सुनामी आली, फुकुशिमाची दुर्घटना झाली आणि जपानने एकेक करून अणुभट्ट्या बंद केल्या. वीज हवी होती, गॅस हवा होता आणि भरपूर सुटा, म्हणजे करारात न अडकलेला, माल जवळ असलेला देश होता कतार. दुसऱ्याच्या आपत्तीत आपलं नशीब उघडलं, हे कतारमध्ये कुणी बोलून दाखवत नाही, पण खरं आहे. गोल्डन पासचं पुढे आयात सोडून निर्यातीच्या टर्मिनलमध्ये रूपांतर करायचं ठरलं. त्यात कतारचे ७० टक्के, एक्झॉनमोबिलचे ३०.

दहेज, दाभोळ, बेतुल

भारताची पेट्रोनेट एलएनजी ही कंपनी आणि कतारची रासगॅस यांचा करार झाला १९९९ मध्ये, पुरवठा सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षांसाठी, वर्षाला ७५ लाख टन. पहिलं जहाज २००४ च्या जानेवारीत गुजरातमधल्या दहेजला लागलं. जहाजाचं नाव ‘दिशा’. पाठोपाठ ‘राही’ आणि नंतर ‘असीम’. रास लफानहून दहेज तीन-चार दिवसांच्या अंतरावर. जपानला पोचायला लागतात त्याच्या कितीतरी कमी. या जवळिकीचा फायदा भाव ठरवताना भारताला फार उशिरा घेता आला.

तो प्रसंग २०१५ चा. कराराचा भाव तेलाच्या मागच्या साठ महिन्यांच्या सरासरीवर बेतलेला होता. हेतू हा, की भाव एकदम उसळू नये. २०१४ च्या मध्याला तेल शंभर डॉलरच्या वर होतं, काही महिन्यांत निम्म्यावर आलं. बाजारात सुटा एलएनजी सात-आठ डॉलरला मिळू लागला, आणि पेट्रोनेटला करारानुसार बारा-तेरा डॉलर द्यावे लागत होते, कारण सरासरीत जुने महाग महिने होते. पेट्रोनेटने माल कमी उचलला. मग ते पहिलं कलम आडवं आलं: न उचललेल्या मालाचे पैसे द्या. रक्कम होती सुमारे १२,००० कोटी रुपये.

कागदावर कतारची बाजू भक्कम होती. पण घासाघीस होऊन ३१ डिसेंबर २०१५ ला नवा सौदा झाला. सरासरी साठ महिन्यांऐवजी तीन महिन्यांची, भाव निम्म्याच्या आसपास, दंड माफ, राहिलेला माल पुढच्या वर्षांत उचलायचा. बदल्यात भारताने वर्षाला आणखी दहा लाख टन घ्यायचं मान्य केलं. कतार उदार झाला असं समजण्याचं कारण नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेचा माल बाजारात येऊ घातला होता आणि वाढतं गिऱ्हाईक नाराज करून चालणार नव्हतं. मूळ कराराची मुदत २०२८ ला संपते. पुढच्या वीस वर्षांचा, म्हणजे २०४८ पर्यंतचा, तेवढ्याच ७५ लाख टनांचा करार ६ फेब्रुवारी २०२४ ला झाला. सह्या झाल्या गोव्यात, बेतुलला, इंडिया एनर्जी वीकच्या निमित्ताने.

हा गॅस आपल्यापर्यंत येतो कसा? दहेजला तो पुन्हा गरम करून वायुरूप केला जातो आणि पाइपलाइनने पुढे जातो. दहेज ते उरण-पनवेल अशी गेल या सरकारी कंपनीची लाइन आहे. खतकारखाने याचं मोठं गिऱ्हाईक, कारण युरियाचा कच्चा माल म्हणजे हाच मिथेन. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यासारखे युरियाचे कारखाने गॅसवरच चालतात आणि आयातीचा भाव चढला की केंद्राच्या खत अनुदानाचा आकडा फुगतो. शेतकऱ्याला गोणी त्याच भावात मिळते, म्हणून हे त्याला दिसत नाही. स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर मात्र वेगळ्या वाटेने येतो. तो एलपीजी, प्रोपेन-ब्युटेनचा. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त एलपीजी आयात करतो, त्यातला बहुतेक आखातातून, आणि कतार त्यातला एक ठळक पुरवठादार. पाइपने येणारा गॅस आणि सिलिंडरमधला गॅस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी टीव्हीवरच्या निम्म्या चर्चा समजतात.

कोकणातल्या दाभोळचा उल्लेख टाळून पुढे जाणं महाराष्ट्रातल्या माणसाला शक्य नाही. एन्रॉनचा वीजप्रकल्प अखेरीस आयात केलेल्या एलएनजीवर चालायचा होता. ओमान आणि अबुधाबीकडून गॅस घेण्याचे करारही झाले होते. १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्था या खनिज तेलापासून निघणाऱ्या इंधनावर सुरू झाला, वीज इतकी महाग पडली की राज्य वीज मंडळाने हात वर केले आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. इथे करार होता, कारखाना होता, गिऱ्हाईकही होतं. पण गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाला परवडेल का, हे कुणी नीट बघितलं नाही. एलएनजीचं टर्मिनल सुरू झालं ते २०१३ मध्ये. लाटा अडवणारी भिंत अपुरी, म्हणून पुढची कितीतरी वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे.

पैसा आणि माणसं

कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, त्यात कतारी नागरिक दहा-बारा टक्केच. सगळ्यात मोठा परदेशी समुदाय भारतीयांचा. सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग तेल-वायूतून येतो. नागरिकांना वीज-पाणी मोफत देण्याची प्रथा आहे, आणि पाणी म्हणजे तिथे वीजच, कारण पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून बनवायचं आणि त्या कारखान्यांनाही गॅसच. वीज जवळजवळ सगळी गॅसवर. अल खरसाहचा ८०० मेगावॉटचा सौरप्रकल्प ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्यामागे पर्यावरणाइतकाच साधा हिशेब आहे: घरी वाचलेला गॅस बाहेर विकता येतो.

उरलेला पैसा २००५ मध्ये स्थापन झालेल्या गुंतवणूक निधीत जातो. लंडनचं हॅरॉड्स, फोक्सवॅगनमधला हिस्सा, ही त्याची खरेदी. रास लफानची बांधकामं, दोहातल्या इमारती, विश्वचषकाची मैदानं यांवर पन्नास अंशांकडे झुकणाऱ्या उन्हात राबली ती मुख्यतः नेपाळ, भारत, बांगलादेशातली माणसं. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे, देश सोडता येत नसे. बाहेरून टीका झाल्यावर २०१८ ते २०२० च्या दरम्यान हे नियम बरेच सैल झाले. गॅसच्या स्वस्त खर्चाच्या हिशेबात या मजुरीचा हिस्सा सहसा कुणी मांडत नाही.

एक अडचण मात्र कितीही पैसा ओतून सुटत नाही. रास लफानहून निघालेलं प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातं. जगाच्या एलएनजी व्यापाराचा पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या वाटेने जात आला आहे. सौदी आणि अमिरातीने निदान काही तेलासाठी ती टाळणाऱ्या पाइपलाइन टाकल्या. एलएनजीला तसा पर्याय नाही.

या वेळी क्रम मोडला

फेब्रुवारी २०२१ मध्ये कतारने नॉर्थ फील्ड ईस्ट या विस्ताराचा पक्का निर्णय घेतला. खर्च सुमारे २८.७५ अब्ज डॉलर. क्षमता ७ कोटी ७० लाखांवरून ११ कोटी टन. नंतर आराखड्यात साउथची भर पडली, १२ कोटी ६० लाख. २०२४ च्या फेब्रुवारीत वेस्ट, आणि दशकाच्या अखेरीचं उद्दिष्ट १४ कोटी २० लाख टन. यातली सगळ्यात लक्षवेधी गोष्ट ही, की पहिल्या निर्णयाच्या वेळी या मालाला पुरेसे दीर्घ मुदतीचे करार हातात नव्हते. म्हणजे या धंद्याचा मूळ नियमच कतारने बाजूला ठेवला.

ठेवू शकला, कारण खर्च कमी आणि कर्जासाठी कुणाच्या दारात उभं राहायची गरज उरलेली नाही. वर्षभरात युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि गिऱ्हाइकांची रांग लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या सिनोपेकने थेट २७ वर्षांचा करार केला. जर्मनीसाठी कोनोकोफिलिप्समार्फत झालेला करार पंधरा वर्षांचा. युरोपला गॅस हवा असतो, पण २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं असंही त्याने जाहीर करून टाकलेलं असतं, म्हणून त्याची सही नेहमीच थोडी थरथरते. कतारला हवी असते ती लांबलचक मुदत, आणि ती मुख्यतः आशियातून मिळते.

अमेरिकाही निर्यात झपाट्याने वाढवते आहे. सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात आला तर भाव पडतील, आणि तेव्हा विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याची बाजू वरचढ असेल. भारताने २०१५ मध्ये जी घासाघीस कराराने हात बांधलेले असताना केली, ती तेव्हा बरीच सोपी जाईल. फक्त तोवर बंदरं बारमाही चालणारी हवीत आणि पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला तो गॅस परवडणारं गिऱ्हाईक हवं.